ऐनावरची तार

हलीमा : आज तरी नमाजाला जाणार आहात का? मागचा जुम्माही चुकवलात.

मंसूर : दुकानात काम आहे.

हलीमा : दुकानाला बारा दिवस कुलूप आहे. अख्ख्या जव्हारात रेडिओ दुरुस्त करणारा एक माणूस, आणि तो घरात भिंतीकडे तोंड करून बसलाय. लोकांना काय कळत नाही?

मंसूर : काय कळतं लोकांना?

हलीमा : सकाळी नळावर चंद्रकला होती. माझी घागर अर्धी भरली होती, तशीच उचलून तिनं बाजूला ठेवली आणि आपली लावली. इतक्या वर्षांचा शेजार आपला! तिच्या नवऱ्याला, रघुभाऊंना, वीज कचेरीनं घरी बसवलंय. सोमवारी मोखाड्याला चौकशी आहे, तिथं तुमचा जबाब वाचणार. ‘लाइनमन रघु याने वीज बंद केली असे मला सांगितले होते.’ असंच लिहिलंय ना?

मंसूर : तुला कोणी सांगितलं?

हलीमा : बाजारात सगळ्यांना पाठ झालंय.

मंसूर : तो म्हणाला होता बंद करतो म्हणून.

हलीमा : अकरा वाजता करतो म्हणाले होते. मी मोरीत भांडी घासत होते. रघुभाऊ या उंबऱ्यात उभे राहून म्हणाले, ‘मंसूर, घाई करू नको. अकराला मी लाइन बंद करतो, मग माणूस झाडावर चढव. झाडाजवळून जाते ती अकरा हजार व्होल्टची लाइन आहे, घरातल्या दिव्याची नव्हे.’ तुम्ही बरं म्हणालात. माझ्या कानांनी ऐकलं.

मंसूर : हो.

हलीमा : आणि वांगणीच्या त्या जिवाला तुम्ही साडेनऊलाच झाडावर चढवलंत.

मंसूर : दहाला नाशिकचे सुभेदार रेडिओवरून मला हाक मारणार होते. तुला नाही कळायचं ते.

हलीमा : मग सांगा. बारा दिवस गप्पच आहात.

मंसूर : सहा वर्षं मी रेडिओवर नुसता ऐकत होतो, हलीमा. कोण मद्रासचा, कोण कोलंबोचा, एकमेकांना हाका मारतात, पाऊसपाणी विचारतात, कोणाची बायको आजारी ते सांगतात. आणि मी इथं कानाला लावून बसलेला. जव्हारला कोणी आहे हे कोणाला ठाऊकच नाही. मुंबईला जाऊन परीक्षा दिली, ती कट्ट-कडकट्टची मोर्स लिपी हाताला बसेना, नापास झालो. पुन्हा दिली. पोलीस तीनदा घरी येऊन विचारून गेले, याला हे कशाला पाहिजे म्हणून. चार वर्षांनी दिल्लीहून हवेतून बोलायचं लायसन आलं. सेट मी स्वतः जुळवला, लष्कराच्या भंगारातले भाग आणून. राहिली होती फक्त तार. छपरावरच्या खांबापासून परसातल्या ऐनाच्या झाडापर्यंत, सहासष्ट फूट. ती एकदा चढली की मी बोलणार होतो.

हलीमा : दीड तास थांबला असतात.

मंसूर : सुभेदारांचं पत्र आलं होतं, रविवारी बरोबर दहाला बोलू म्हणून. मला वाटलं, तार लाइनीपासून पाच हात तरी लांब राहील. ओढताना ती अशी उसळून लाइनीला लागेल...

हलीमा : सुभेदारांनी दहाला हाक मारली. तुम्हाला आठवत नसेल. गावातली वीज गेली होती, पण तुमचं यंत्र बॅटरीवर चालूच होतं. परसात जिवा पडलेला. मी आपल्या बिलकीसचे डोळे हातानं झाकून पोरीला आत ढकललं, तर आत तो म्हातारा माणूस तुमचा लायसनचा नंबर घेऊन बोलावतोय. ‘जव्हार, ऐकताय का? जव्हार, आज बोलायचं ठरलंय आपलं.’ किती आनंदात होता तो! मला कुठलं बटण ते कळेना. शेवटी मी वायर उपटली.

मंसूर : बस कर.

हलीमा : नाही. अजून एक सांगा. जिवाच्या तोंडाला दारूचा वास कधी आला तुम्हाला?

मंसूर : तेही बाजारात कळलं?

हलीमा : मी त्याला सकाळी चहा दिला. माझ्यासमोर बसून प्यायला. कसला वास नव्हता.

मंसूर : फौजदारानं विचारलं, प्यायला होता का. त्यानं पुन्हा विचारलं. मी म्हणालो, असेल.

हलीमा : असेल!

मंसूर : हलीमा, मला आत टाकतील असं वाटलं. तुझं आणि बिलकीसचं काय होईल, हेच डोक्यात होतं.

हलीमा : आमचं नाव घेऊ नका यात.

(मागच्या ओट्यावर जिवाची बायको गोदी येऊन बसली आहे.)

गोदी : शेट हाय का घरात?

हलीमा : कोण? अगं गोदी! कधी आलीस? आत ये ना.

गोदी : आत नाय येत. इथंच बरा. उजाडताना निंगली वांगणीशी, पाय भरलं.

हलीमा : हे पाणी घे. अहो, बाहेर या.

गोदी : शेट, मी भांडाय नाय आली. मना येक विचाराचा हाय. पोलीसपाटील बोलला, कागदावर लिवलाय का जिवा पिऊन झाडावर चढला. आथा गावात समदी तसाच बोलतात. पिऊन मेला, बोलतात.

मंसूर : गोदी, बस. आधी पाणी पी.

गोदी : तो पेत व्हता. लग्नात पेत व्हता, शिमग्याला पेत व्हता, मी नाय बोलत नाय. पन झाडावर चढाचा असला का थेंब नाय. मध काढाय जाय तवा आदले दिसापून नाय. त्याचा बा पिऊन मोहाचे झाडावशी पडला व्हता, त्याचे डोळ्यासमोर. तवापून त्यानं तो नेम धरला व्हता. तू त्याचे जवळ व्हतास. तूच सांग, पिला व्हता का?

हलीमा : बोला.

मंसूर : नाही. प्यायला नव्हता.

गोदी : मंग कोनी लिवला?

मंसूर : मी सांगितलं म्हणून लिहिलं.

गोदी : कां?

मंसूर : चूक माझी होती म्हणून. चढायच्या आधी त्यानं विचारलं, ‘शेट, लाइन बंद हाय ना?’ मी हो म्हणालो. अर्ध्यावर गेला आणि थांबून पुन्हा विचारलं. मी खालून ओरडलो, बंद आहे, तू ओढ तार. लाइन चालू होती, गोदी. मला ठाऊक होतं.

गोदी : दोनदा विचारला?

मंसूर : दोनदा.

गोदी : तो कवा दोनदा नाय विचारत. मंग भ्याला व्हता तो.

हलीमा : गोदी, पाणी पी गं.

गोदी : आनि लाइनवाला रघुभाऊ? बाजारात बोलतात त्याची चूक.

मंसूर : त्याची काही चूक नाही. तो अकराला बंद करणार होता. मीच थांबलो नाही.

गोदी : हां. ...ता यंतर आथा लागला का?

मंसूर : काय?

गोदी : तुझा यंतर. ज्याचेसाठी तार बांधत व्हता. आथा बोलतं का ता?

मंसूर : नाही. तार लागलीच नाही. बंद आहे सगळं.

गोदी : मंग लाव. दुसरा मानूस बघ नि लाव. जिवा बोलं, शेटचा यंतर लागला का सोमीचा पत्ता लागल.

हलीमा : सोमीचा? तुझी सोमी वीटभट्टीवर गेली होती ना?

गोदी : गेले दिवाळीला नाय, त्याचे आगूदरचे दिवाळीला गेली. मुकादम घेऊन गेला, भिवंडीकडं. शिमग्याला समदी परत आली, ती नाय आली. मुकादम बोलं, दुसरे भट्टीवर ठेवली. कोठले भट्टीवर, ता नाय सांगत. जिवा दोनदा जाऊन आला. त्याला कोनी आतच घेत नाय. मंग तो बोलला, शेट हवेतून मद्रासचे मानसाला ऐकतो, भिवंडी त काय, इथंच हाय. शेट विचारल.

हलीमा : अहो, हे काय? तुम्ही असं सांगितलं होतंत त्याला?

मंसूर : मी सांगितलं नव्हतं. एकदा कौलं चाळायला आला होता, तेव्हा सेटवर कोणाचा तरी आवाज चालला होता. तो ऐकत उभा राहिला. म्हणाला, इतक्या लांबचा मानूस बोलतो, तर माझे पोरीशी बोलता येल का? मी म्हणालो, बघू.

हलीमा : बघू म्हणालात.

मंसूर : मग तो यायलाच लागला. बांबू तोडून आणले, छपरावर खांब उभा केला. मजुरी देऊ केली, घेईना. तेव्हा मला कळलं, तो कशासाठी येतोय ते.

गोदी : मंग नाय बोलता येत सोमीशी?

मंसूर : नाही. पलीकडे असंच यंत्र लागतं, ते चालवणारा माणूस लागतो. भट्टीवर कुठलं आलंय! आणि परक्याचा निरोप सांगायला लायसनमध्ये मनाई आहे. पहिल्यापासून ठाऊक होतं मला.

गोदी : त्याला कां नाय सांगितला?

मंसूर : सांगितलं असतं तर तो आला नसता. ऐनावर चढणारा दुसरा कोणी मला मिळत नव्हता.

हलीमा : या अल्ला...

गोदी : पाच महिनं येत व्हता तो. नागली कापाची टाकून आला. मी भांडली त्याचेशी. बोलली, आपली नागली शेतात पडली नि तू शेटची तार बांधाय जातंस. तो बोलला, तुला सोमी पायजे का नागली? मंग मी गप राहली. मी त्याला अडवला असता, शेट. मीच नाय अडवला.

हलीमा : असं म्हणू नको. तू काय केलंस यात?

मंसूर : सोमवारी मी मोखाड्याला जातो. साहेबांसमोर सगळं खरं सांगतो. रघुला कामावर घेतील. जिवा प्यायला नव्हता हे लिहून देतो, पोलीसपाटलानं ते गावात सगळ्यांसमोर वाचावं. मग माझं काय करायचं ते करू देत. लायसनही दिल्लीला परत पाठवतो.

हलीमा : ते तुमच्यासाठी झालं.

मंसूर : म्हणजे?

हलीमा : लायसन परत पाठवलं की तुमच्या जिवाला बरं वाटेल. हिची पोर कुठंय? गोदी, मुकादमाचं नाव काय?

गोदी : फागू. खोडाळ्याचा.

हलीमा : ऐकलंत? खोडाळा. एस्टी जाते तिथं. आणि गुलामभाई, माझे सख्खे भाऊ, दहा वर्षं भिवंडीत माग चालवतायत. नाशिकच्या सुभेदारांना दर आठवड्याला पत्र लिहीत होतात. गुलामभाईंना एक कार्ड टाकलंत कधी, की बाबा, या नावाची पोर कुठल्या भट्टीवर आहे बघ म्हणून?

मंसूर : नाही.

हलीमा : का नाही?

मंसूर : सुचलं नाही.

हलीमा : पाच महिने माणूस दारात येत होता.

मंसूर : खरंच सुचलं नाही, हलीमा. मी त्या तारेचाच विचार करत होतो.

गोदी : मी जाते आथा. आमचेकडची, वावर गावाची गाडी निंगल.

मंसूर : थांब, गोदी. मी जाईन. मोखाड्याहून तसाच खोडाळ्याला जातो, फागूला धरतो. मग भिवंडीला. सोमीला मी घेऊन...

गोदी : नको बोलू, शेट. जा, नि मंग येऊन सांग.

मंसूर : बरं.

हलीमा : भाकर तरी खाऊन जा. तव्यावरच आहे.

गोदी : नको. बाई, तू आजच लिव भावाला.

हलीमा : आजच लिहिते. आता, तू गेलीस की लगेच. ती दिसायला कशी आहे, काही खूण?

गोदी : हनुवटीवर गोंदलंय. तीन टिपकं. उंच हाय, जिवासारखी. आनि ह्या बी लिव त्याला. ती भेटली, त बा मेला ता तिला सांगू नको बोल. तिथं तिचे जवळ बसाय कोनी नाय.