पिशवी भाईरच ऱ्हाऊ द्या

न्हाई न्हाई, ती पिशवी भाईरच ऱ्हाऊ द्या, अपूर्वाताई — चपलांपाशी. तसं काय न्हाई वो, घराची सवय हाय आमच्या. बसा. मांजर हाय की, त्या कपाटाखाली. लाजरी हाय जरा. साताऱ्यास्नं यस्टीनं आला व्हय? मग आता घिऊनच जावा. उंदीर म्हनाल तर एक ठिवायची न्हाई. दारात बसल्यात ते आमचं मालक — मेजर. हवालदारच हुते, पर गावात समद्या फौजींना मेजरच म्हनत्यात. हाताला फडकं बांदलंय ते? उसाच्या पाल्यानं कापलं. पाला लय वंगाळ.

देयाची वेळ का आली म्हनाल तर आमची लेक येतीया सोमवारी, रेश्मा. पयलं बाळंतपन म्हायेरालाच करायचं आसतंय. आन जावई म्हनतोय, मांजर घरात आसंल तर धाडत न्हाई. त्याचं तरी काय चुकलं — तान्ह्याला वरबाडलं म्हंजी — न्हाई, तशी वरबाडत न्हाई ती. म्हंजी, कवातरी. ताई, हात घालू नका खाली. आवं, नका घालू.

बरं, आता खरंच सांगती. पाला न्हाई, तीच चावली. पार हाडापतुर. मालक उसाला पानी पाजाय गेल्ते, तवा कालव्याच्या कडंला युरियाचं पोतं, त्वांड बांदल्यालं, आन आत कायतरी हालतंय. आपल्यात नको झाल्यालं मांजर असंच सोडत्यात न्हवं, वाट दिसू ने म्हनून. ह्यांनी सुतळी तोडली, घरी आनली. कपाटाखाली शिरली ती शिरलीच. मी म्हनलं, आता मरतीया ही. तर ह्यो मानूस — ज्याच्या मांडीवर पोरं कवा बसली न्हाईत — फरशीवर आडवा पडायचा, तळव्यावर सुकट घिऊन. बोलायचा तिच्यासंगं. माज्यासंगं तेवढं बोलल्यालं मला तर आठवत न्हाई. आन एक दिस आली की वो ती. सुकट खाल्ली, मनगटाला डोकं घासलं. मेजर रडलं. मी चुलीकडं त्वांड केलं, बगितलंच न्हाई म्हनून.

मग काय झालं — लेक यायची, तर हिला सुई टोचून आनू म्हनलं. गाडीवर न्हेयाची कशात? मांजर आपल्यात पोत्यातच न्हेत्यात, सारी दुनिया न्हेती, ह्यांच्या मनात दुसरं आलंच न्हाई. पान्याच्या मोटारीच्या खोलीतलं रिकामं पोतं झटाकलं. ती मांडीवरच हुती वो, घुरघुरत. अलगद उचलून आत ठिवली आन त्वांड बांदलं. युरियाचंच पोतं, ताई. आतनं जे वरडली — आन सोडवाय हात घातला तवाच तो हात फाडला. आजून रोज दुपारी सुकट घिऊन बसत्यात. ती चावती, ह्ये हात मागं घेत न्हाईत. चावू दे म्हनत्यात, तिचं काय चुकलं.

कशाला सांगत बसली मी ह्ये तुमाला. न्हेयाला आल्ता तुमी.

उठला? व्हय, तुमचं बी खरंच हाय. घरात ल्हान पोर हाय तुमच्या. तुमच्या आदी आलेली मानसं बी अशीच उठली. जरा हळू बोला — ह्यांना वाटतंय तुमी न्हेनार, सकाळधरनं दाढी करून बसल्यात.

आता? आता काय. सोमवारच्या आदी न्हेऊन सोडायची कालव्यापल्याड. तेच न्हेनार, दुसऱ्याला हात लावू देनार न्हाईत. झाकनाची बुट्टी करून बगितली, खोकं बगितलं, समदं फाडून भाईर येती. मग कशात न्हेनार — कशात म्हंजी, ताई?

जावा तुमी. यस्टी चुकंल. त्यांनी काय इचारलं तर घरी इचारून सांगती म्हना. आन ती पिशवी तेवढी भाईरच्या भाईर उचला, तिला दिसू दिऊ नका.