चिकणमातीतला नांगर

— न्हाय ओ दादा, खेळणं न्हाय हे. हसतात सगळे बघून. बारका ट्रॅक्टर हाय, पण काम करतो. टायर बघा, नांगर बघा — फाळ यंदाच बदललाय. धामणकर नाक्याच्या मेकॅनिकनं धाडलं ना तुम्हाला? त्यानं सांगितलं असंल, चालवणारी बाई हाय म्हणून. मीच ती. तुळजा. आता एवढा बारका का घेतला म्हणाल — आलात ना आत्ता दोन गोदामांच्या मधल्या फटीतनं? मोठा ट्रॅक्टर येईल का तिथनं? काल्हेरात सगळ्यांनी जमिनी दिल्या, गोदामं उठली, आमचं भाताचं शेत तेवढं मधी राहिलं. चारी बाजूंनी भिंती. आमचे हे न्हाय बोलले ते न्हायच.

तुमची गणेशपुरीची जमीन कसली? चिकणच? मंग ऐका, ओल्यात नांगर घालू नका. ओली माती फाळाला कणकेसारखी चिकटते, वाळली की दगड. मधी वाफसा येतो — मुठीत दाबली की गोळा व्हावी, टाकली की फुटावी — तेवढ्यातच उरकायचं. आमच्यात तो वाफसा लवकर येतच न्हाय, गोदामांच्या पत्र्यांवरचं सगळं पाणी आमच्यात उतरतं.

गेल्या वर्षी ह्यांना धीर निघंना. मी म्हटलं, "अजून पाय रुततोय, थांबा." "तू मला शेती शिकवतेस?" म्हणाले, नी घातला नांगर. फाळ खोल घुसला, मागची चाकं रुतली, ह्यांनी आणखी रेस दिली — नी पुढची चाकं उचलली, उचलली — अख्खा ट्रॅक्टर मागं उलथला. हे खाली. चिखल मऊ म्हणून जीव वाचला, पण त्याच चिखलानं धरून ठेवलं. मी ओरडतेय, ओरडतेय — भिंतीपलीकडं ट्रक मागं घेत होते, कोणाला ऐकू जाणार? हातानं माती उकरली. नखं गेली माझी. शेवटी घमेलं घेऊन गोदामाची भिंत बडवली, तवा आतले हमाल भिंत चढून आले — "चाची, हटो, हम देखते हैं" — नी फळ्या घालून उचलला.

तवापासनं कंबरेखाली काय हलत न्हाय त्यांचं. — चावीला हात नका लावू, आत झोपलेत गोळी घेऊन. — यंदा मीच नांगरलं. हे खिडकीत बसून हुकूम सोडतात. "डावीकडं घे तुळजे, खोल घाल, अक्कल हाय का?" नी घरात आलं की पाणी दे, उशी सरळ कर, कुठं गेलीस, कोणाशी बोलत होतीस. भाचीचं लग्न झालं, मी गेले न्हाय. भाजीला गेले तरी मागं ह्यांचा फोन. आमचा सागर ठाण्याला असतो. तो म्हणतो, "आई, ट्रॅक्टर काढून टाक. नांगर न्हाय तर शेत न्हाय, मंग बाबा पण जमीन देतील, सुटशील तू." म्हणून बोलावलं तुम्हाला. ह्यांना न सांगता. हो — ठाऊक न्हाय त्यांना.

सुटशील म्हणे. कुठं सुटणार ओ मी? शेतात भिंत उठंल, आमच्या खिडकीला लागून, नी आत आम्ही दोघं. — सांगते, हसू नका. हा ट्रॅक्टर चालू असला ना, लय आवाज करतो. त्या आवाजात ह्यांचं काय ऐकू येत न्हाय. खिडकीत तोंड हलताना दिसतं, बस. जड मातीत नांगर वरवर घ्यायचा, मंग दुसऱ्यांदा जरा खोल, ते बरोबरच हाय. मी तिसऱ्यांदा पण फिरवते. चवथ्यांदा पण. माती लय जड हाय, सांगते त्यांना. जड हायच, पण इतकी न्हाय. तिथं एकदा तर मी मोठ्यानं रडले, नी एकदा गाणं म्हटलं — कोणाला कळलं न्हाय. — हे काय बोलून बसले मी तुमच्याजवळ...

ह्यांची काठी वाजली. जागे झाले. — आले ओऽ! — कोण न्हाय! माणूस वाट चुकलाय, काल्हेर नाक्याची वाट विचारतोय! — न्हाय दादा, किंमत वाढवू नका. द्यायचाच न्हाय. मेकॅनिकला सांगा, बाईचं मन फिरलं. असं बघत उभं राहू नका, ते खिडकीतनं बघतील आता. — आले म्हटलं ना! — जा. जा तुम्ही.