लोणी लेकाला, ताक जावेच्या पोरीला

मंडळी, एक विचारतो, उत्तर मनातल्या मनात द्या. पोरांना वाढताना तुमची नजर कुठं असते? आपल्या लेकराच्या ताटात – की शेजारच्याच्या? हसू नका पुढच्या रांगेतल्या बायांनो, गोष्ट तुमच्याच घरची आहे!

एका घरात दोन जावा. थोरली अनसूया, तिचा लेक मुकुंदा. धाकटी सरला, तिची लेक शेवंता. म्हैस एकच, आणि स्वयंपाकघर थोरलीच्या ताब्यात. शेवंता दिवसभर उन्हात हुंदडायची, झाडावर चढायची. येणारा-जाणारा म्हणे, "पोर कशी काटक आहे!" झालं – अनसूयेचा जळफळाट! माझा मुकुंदा कुणाला दिसत नाही होय?

मग काय केलं बाईनं? सगळ्या दुधाला विरजण लावलं! सकाळी घुसळलं. लोणी मुकुंदाला, तूप मुकुंदाला. शेवंतेपुढं आदळला ताकाचा तांब्या – "घे, ढोस!" शिवाय मुकुंदाला घरात कोंडलं. अंगणात ती पोरगी असते ना!

मुकुंदाचे गाल वर आले. बाई खूश. पण दिवाळीत तो पलंगावरून उतरताना पडला, पाय मोडला. पाय बरा होतोय तोच उंबऱ्याला अडखळला – हात मोडला!

डॉक्टर म्हणाले, "हाडं कच्ची आहेत. दूध देता?"

"दूध कशाला? लोणी-तूप देते!"

"अहो, हाडांना लागतं कॅल्शियम. ते लोण्यात उतरत नाही, ताकात राहतं. आणि ऊन अंगावर आलं तरच ते कॅल्शियम हाडात मुरतं. ताक कोण पितं घरात?"

शेवंता दाराआडून सगळं ऐकत होती.

दुसऱ्या सकाळी शेवंतेनं आपला तांब्या उचलला, अर्धं ताक मुकुंदाच्या पेल्यात ओतलं. "मोठ्याई, ह्याला उन्हात नेऊ?"

खोटं वाटेल मंडळी, पण तेव्हासुद्धा अनसूयेच्या पोटात दुखलं! एवढी शहाणी पोर सरलेच्याच पोटी का? डोळे भरून आले आणि दुखलंही. मग तिनं उठून दाराची कडी काढली.

पोरांचं झालं ठीक. तुमचं काय? आज प्रसादाला ताक आहे. प्रत्येकीनं पहिला पेला जिच्यावर आपण जळतो, तिच्या लेकराला द्यायचा. बघू या, कोण कोण जागची उठते.