व्यंकटरावांची म्यानबंद तलवार

काय हो, भरोसा तलवारीवर ठेवावा का म्यानावर? आमच्या लोहा गावचे व्यंकटराव दर दसऱ्याला माझ्या दुकानात येऊन सांगायचे, "शेठ, निजामानं हत्यारबंदी केली, तरी आमच्या बापानं तलवार लपवली! फक्त उपसायची न्हाई, उपसली की रक्त मागते."

परवा त्यांच्या नातवाचं लग्न होतं अहमदपूरला. नवरदेवाच्या कमरेला तीच तलवार. निवडणुकीमुळं आताही हत्यारबंदीच होती, म्हणून नाक्यावर जमादारानं वऱ्हाड अडवलं.

"तलवार जमा करा."

"साहेब, तलवारीबिगर आमचा नवरदेव मांडवात जात न्हाई!" व्यंकटराव हातापाया पडू लागले. इकडं मुहूर्त टळत चालला.

"मग उपसा. पातं केवढं हाय ते बघू."

व्यंकटरावांनी डोळे मिटून तलवार उपसली. मुठीला पातं जेमतेम वीतभर!

जमादाराला हसू आवरेना. "आजोबा, यानं लिंबू तरी कापंल का? जाऊ द्या रे वऱ्हाड!"

व्यंकटराव मुठीकडं बघतच राहिले. "म्हणजे बापानं तवाच पातं तोडून लोहाराला दिलं! तरीच म्हणायचा उपसू नका. अन् तरीच आमच्या घरचे विळे लई धारदार!"

हा किस्सा तुम्ही पुढं सांगालच. तेवढा हिशेब मात्र चोख ठेवा, पातं वीतभरच सांगा.