शंभरच्या आत आहे ना, मग झालं

...आणि वर मलाच विचारतात, "डोळे उघडे ठेवून बसली होतीस की मिटून?" उघडे होते हो. पापणीसुद्धा लवली नाही माझी. तुम्हीच सांगा, काळजी करायची मला काय हौस आहे?

तुम्हाला सांगते, आमचे हे नदीवर माणसं ने-आण करतात. होडीच्या मागे मोटर आहे, ती सासऱ्यांच्या वेळची, माझ्या लग्नाच्याच काय, जन्माच्याही आधीची. मागच्या महिन्यात ती भर पात्रात तापून बंद पडली. होडीत अकरा माणसं, दोन सायकली. हे वल्ही मारत मारत दोन तासांनी काठाला लागले, आणि तोवर मी आठ महिन्यांचं बाळ कडेवर घेऊन धक्क्यावर इतक्या येरझाऱ्या घातल्या की चपलेचा अंगठा तुटला. उतरल्यावर हे काय म्हणाले? "भूक लागलीय."

मग मी हट्टच धरला, मोटरला तापमानाचा काटा बसवा. सासरे म्हणाले, "सूनबाई, मागून पाण्याची धार पडते ना, तिला बोट लावायचं. कोमट तर ठीक, आटली तर बंद करायचं. तीस वर्षं माझं बोटच काटा." म्हटलं, बाबा, बोट तुमचं, पण नवरा माझा आहे.

मेकॅनिक आला. त्याने झाकण काढलं, आतल्या एका बोल्टखाली उष्णता मोजणारी कडी अडकवली, तिथून वायर काढली... आणि वायर पडली आखूड. घड्याळासारखी तबकडी बसली कुठे, तर ह्यांच्या पाठीमागे. दांडा धरून पुढे बघणारा माणूस मागे कसा बघणार? मेकॅनिक म्हणतो, "वहिनी, पुढच्या आठवड्यात लांब वायर आणतो. तोवर कोणीतरी बघणारं बसवा." हे म्हणाले, "आहे की घरात. दिवसभर तेच करते." म्हणजे बघा. काळजी करायची मला काय हौस आहे?

पहिल्या फेरीला प्रवासी नव्हते. मी, मांडीत बाळ, तोंड मागे, नजर काट्यावर. काटा लागला म्हटल्यावर सासऱ्यांनीही धारेकडे पाठ केली आणि तोंडावर टोपी घेऊन पेंगायला लागले. निघताना हे म्हणाले, "जास्त वाटलं की सांग." जास्त म्हणजे किती, हे ना ह्यांनी सांगितलं, ना मी विचारलं. त्यात विचारायचं काय? आई आहे मी. थर्मामीटर माझ्याइतका अख्ख्या गल्लीत कोणी वाचला नसेल. अठ्ठ्याण्णव म्हणजे बरं, शंभरच्या वर गेलं की डॉक्टर.

काटा साठवर. म्हटलं, थंडगार. सत्तर... पंच्याहत्तर... "काय गं, ठीक?" "ठीक." ऐंशी. मी बाळाला पाजायला घेतलं. पंच्याऐंशी. तुम्हाला सांगते, लग्न झाल्यापासून इतकं शांत मला कधी वाटलं नव्हतं. मी चक्क गुणगुणायला लागले. नव्वदला तर मीच म्हणाले, "अहो, आणखी पळवा की जरा, अजून नॉर्मलसुद्धा झालेली नाही."

"किती आहे?"

"त्र्याण्णव."

ह्यांनी मोटर अशी बंद केली की सासरे टोपीसकट उभे राहिले आणि बाळाने भोकाड पसरलं. मोटर वर उचलून बघतात तर खाली, पाणी ओढायच्या जाळीला, प्लास्टिकची पिशवी गच्च चिकटलेली. पाणीच चढत नव्हतं. हे म्हणाले, "मेकॅनिकने सांगितलं होतं, ऐंशीला थांबायचं. आणखी चार मिनिटं, की लोखंडाचा गोळा झाला असता." आता माणसाचं माप वेगळं आणि मोटरचं वेगळं, हे मला कोणी शिकवलं होतं? असेल आठवीला. मी सातवीत शाळा सोडली.

पिशवी काढली, मोटर गार होऊ दिली, सुरू झाली बिचारी. परत येताना मी सगळी वाट मोठ्याने वाचत आले, बासष्ट, चौसष्ट, अहो चौसष्टच आहे पण हललं... काळजी करायची मला काय हौस आहे?

आठवड्याने मेकॅनिक लांब वायर घेऊन आला, तर ह्यांनी त्याला परत पाठवलं. म्हणाले, "राहू दे. ही बडबडते तोवर मोटर ठीक असते. गप्प झाली की मी बंद करतो."

म्हणून तुम्हाला सांगतेय बाई, पलीकडचा काठ येईपर्यंत ऐकून घ्या. काल मी पाणी प्यायला थांबले, तर हे भर पात्रात मोटर बंद करून बसले.