उसवलेली फीत

या मंडळी, जवळ सरका. जर्मनीत, हॅनोव्हरच्या बसथांब्यावर माझ्यापुढे एक आजोबा आणि त्यांची नात उभी होती. त्यांचं बोलणं जसं कानी आलं तसं तुमच्या पदरात घालते.

“क्षितिजा, तो प्रयोग फसल्याचा अहवाल किती वेळा वाचशील?”

“आबा, प्रयोगातला सेन्सर मीच चुकीचा लावला होता. दोष आलाय लॅबमधले तंत्रज्ञ ब्रांट साहेब यांच्यावर.”

“मग प्रोफेसरांना सांग की.”

“सांगितलं तर माझं पीएचडीचं कॉन्ट्रॅक्ट वाढवणार नाहीत.”

“माझे वडील हवाई दलात काय होते?”

“फिटर. विमानं दुरुस्त करायचे.”

“एकोणपन्नास साली त्यांनी तपासलेलं विमान उडताच कोसळलं. वैमानिक कुरियन जागीच गेला. तेवीस वर्षांचा पोरगा! चौकशीत सगळे म्हणाले, चूक त्याचीच. मेलेला माणूस काय उत्तर देणार?”

“आणि पणजोबा?”

“उभे राहिले. म्हणाले, साहेब, पेट्रोलच्या नळीचा नट आवळायचा माझ्याकडून राहिला.”

“बाप रे! मग?”

“बाहीवरची हुद्द्याची फीत काढून घेतली, बढती गेली. पण कुरियनच्या आईला पत्र गेलं, तुमच्या मुलाची चूक नव्हती. आमची आई तो शर्ट पाहुण्यांना दाखवायची, उसवलेल्या टाक्यांच्या खुणांसकट.”

“लाज नाही वाटायची?”

“लाज? अगं, पदक दाखवावं तसा दाखवायची!”

“आबा, बस आली. चला ना बरोबर.”

“प्रोफेसरांच्या दारापर्यंत येतो. आत बोलायचं तूच.”

“गेनाऊ, अगदी बरोबर. मीच बोलणार.”

मंडळी, देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या कुरियनचं नाव एकदा घ्या. त्याची चूक नव्हती.