अठ्ठावन्न टक्के

मॅडम : मी चौऱ्याण्णव लिहून दिलं होतं. इथे अठ्ठावन्न कुणी केलं?

मामा : मी केलं.

मॅडम : मामा, हा पॅथॉलॉजी विभागाचा वार्षिक अहवाल आहे. चार वाजता डीनसाहेबांच्या टेबलावर हवा. आत्ता चेष्टा नको.

मामा : तेवीस वर्षं हा अहवाल टाइप करतोय, चेष्टा एकदाही केली नाही. गेल्या साली ‘नवीन फ्रीज’ दोनदा आला, तो तुमच्या हातचा.

मॅडम : बरं, माझ्या हातचा. पण सात दिवसांत रिपोर्ट चौऱ्याण्णव टक्के जातात, हे रजिस्टरवरून काढलंय मी.

मामा : रजिस्टर बरोबर आहे. दिवस कधीपासून मोजता?

मॅडम : तुकड्याची बाटली आपल्या खिडकीवर आली, शिक्का बसला, तिथून.

मामा : फॉर्म पूर्ण असेल तर शिक्का. सही नसली, वय नसलं, की बाटली परत वॉर्डात. पुन्हा येईल तो तिचा पहिला दिवस. मधले दिवस आपल्याकडे नाहीतच. मी मोजलं ते पेशंटच्या अंगातून तुकडा काढला त्या तारखेपासून.

मॅडम : सगळ्यांचं? एकवीसशे फॉर्म आहेत वर्षाचे!

मामा : एकवीसशे चाळीस. रविवारी येत होतो. घरी तरी काय करायचं?

मॅडम : अहो, पण वॉर्डात बाटली पडून राहिली तर तो वॉर्डाचा दोष. आपण का अंगावर घ्यायचा?

मामा : परत पाठवायचा नियम कुणाचा?

मॅडम : तुमचाच. माझ्या विद्यार्थीदशेपासून ऐकतेय. ‘अर्धा फॉर्म म्हणजे अर्धी बाटली, घ्यायची नाही.’ स्लाइडसाठी तुकडा कापायला शिकवताना पहिलं वाक्य हेच होतं तुमचं.

मामा : हो. एकदा दोन बाटल्यांची अदलाबदल होता होता टळली, म्हणून केला. परत पाठवायचं ठरवलं. गेलेली बाटली पुन्हा आली का, ते कुणी बघायचं, हे ठरवायचं राहिलं.

मॅडम : मामा, खरं सांगा. हे मामींमुळे चाललंय ना?

मामा : हो.

मॅडम : त्यांचा तुकडा परत गेला होता?

मामा : फॉर्मवर डॉक्टरांची सही नव्हती. मी तिच्याजवळ होतो, रजेवर. इथल्या पोरींनी नियमाप्रमाणे बाटली परत केली, त्यांचं काही चुकलं नाही. ती वॉर्डात कपाटावर राहिली. अकरा दिवस.

मॅडम : रजेवरून आल्यावर विचारायचं तरी! तुम्हाला कोण नाही म्हणालं असतं?

मामा : घरचं माणूस म्हणून बाटली पुढे काढायची नाही, हेही मीच शिकवलेलं. ती रोज विचारायची, “आलं का हो?” मी म्हणायचो, आमच्याकडे सात दिवसांत येतं, चौऱ्याण्णव टक्के. गेल्या सालच्या अहवालात तो आकडा मीच टाइप केला होता ना.

(मॅडम चष्मा काढून टेबलावर ठेवतात.)

मॅडम : सर्जन मला म्हणाले होते, अकरा दिवसांनी काही फरक पडला नसता.

मामा : मलाही म्हणाले. बरोबरच असेल. पण त्या दिवसांत ती आंघोळीला जाताना फोन दाराशी ठेवून जायची. माहेरी जायचं होतं, गेली नाही. म्हणाली, रिपोर्ट आला की जाऊ. नंतर जायच्या अवस्थेत राहिली नाही. फरक पडला, मॅडम.

मॅडम : ...पाणी घ्या.

मामा : नको. अहवालाचं बघा. सव्वातीन झालेत.

मॅडम : ऐका तर मग माझंही. पुढच्या महिन्यात समिती येतेय. पीजीच्या दोन जागा वाढवून मागितल्यात. अठ्ठावन्न बघून देतील? जागा नाही मिळाल्या तर स्लाइड बघायला माणसं कुठून आणू? उशीर वाढेलच की.

मामा : आणि चौऱ्याण्णव टक्के काम वेळेत होतंय म्हटल्यावर जास्तीची माणसं कशाला देतील?

मॅडम : वकील व्हायला हवं होतं तुम्ही.

मामा : ती पण हेच म्हणायची. कौतुकानं नाही म्हणायची.

मॅडम : नाही दिल्या जागा तर?

मामा : नाही देणार कदाचित. तरी अठ्ठावन्नच आहे.

मॅडम : द्या ते पान इकडे. ‘पुढील वर्षाची उद्दिष्टे.’ लिहिते. रुग्णकेंद्रित, गुणवत्तापूर्ण सेवेच्या दृष्टीने विभाग सर्वतोपरी...

मामा : ते नको. असं लिहा : बाटली परत पाठवायची नाही. फॉर्म अपुरा असला तर बाटली ठेवून घ्यायची, आणि आपलं माणूस वॉर्डात जाऊन सही आणेल.

मॅडम : आपलं माणूस कोण?

मामा : मी. निवृत्तीला चौदा महिने आहेत अजून.

मॅडम : गुडघ्यांचं काय? लिफ्ट महिन्यातले दहा दिवस बंद असते.

मामा : मग वीस दिवस चालू असते.

मॅडम : तुम्ही एकटे नाही. पाळीनं जायचं, मीसुद्धा. टक्के किती धरू? नव्वद?

मामा : सत्तर.

मॅडम : सत्तर फारच लंगडं दिसतं हो.

मामा : दिसू दे. नव्वद लिहिलं की कुणीतरी ते गाठायला पुन्हा मोजायचीच पद्धत बदलेल.

मॅडम : ...सत्तर. तारखेचा रकाना?

मामा : फॉर्मवर सगळ्यात वर. ‘तुकडा काढला तो दिवस.’ नमुना छापून आणलाय.

मॅडम : अर्थात आणलाच असणार. करा प्रिंट, सही करते. डीनसाहेब पहिल्याच पानावर अडतील बघा. म्हणतील, एका वर्षात छत्तीस टक्क्यांनी घसरलात? काय सांगू?

मामा : सांगा, घसरलो नाही. आधीपासून एवढेच होतो.

मॅडम : एवढंच सांगू?

मामा : एवढंच. बाकीचं तक्त्यात आहे.